काचपेटीतील पोटुशी

माशांची काचपेटी घरी आली की पहिला मान बहुधा गप्पीला मिळतो. मूळचा त्रिनिदाद बेट व दक्षिण अमेरिकेचा ईशान्य किनारा येथील हा चिमुकला मासा. जर्मन शास्त्रज्ञ पीटर्स यांनी १८५९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले; परंतु १८६६ मध्ये त्रिनिदादहून नमुने पाठविणाऱ्या लेचमियर गप्पी या गृहस्थांचेच नाव लोकांच्या तोंडी बसले. डासांच्या अळ्या फस्त करतो म्हणून आपल्याकडे हौदांत आणि विहिरींत सोडतात, तोच हा.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही मंडळी एकाच कुळातील. त्यांची मादी अंडी बाहेर टाकीत नाही. ती पोटातच वाढवून जिवंत, पोहती पिले प्रसवते. गप्पीचा गर्भकाळ सुमारे चार आठवड्यांचा. या काळाच्या अखेरीस मादीचे वागणे पालटते आणि घरातील मुलेबाळे चिंतातुर होतात. काल अन्नावर तुटून पडणारी मादी आज अन्नाकडे पाहतही नाही. ती कळपातून फुटून कोपऱ्यात, वनस्पतीच्या आड अथवा तळाशी निश्चल राहते. एरवी गरीब असलेली ती जवळ येणाऱ्या नराच्या अंगावर धावून जाते. मासा आजारी पडला, अशी समजूत करून घेऊन मग कोणी पाण्यात औषध ओततो, तर कोणी तिला जाळीने पकडून दुसऱ्या भांड्यात टाकतो. उपाय अपायाला कारण होतो तो येथेच.

वस्तुतः या वर्तनामागे साधे कारण आहे. प्रसूतीच्या वेळी मादी मंद असते, शत्रूला सहज सापडते; म्हणून ती आडोसा शोधते. भरलेल्या पोटात अन्नाला जागा उरत नाही. नर तर तिचा पाठलाग कधीच सोडीत नाहीत. त्यांना टाळणे तिला भाग पडते. शेपटीकडील बाजूस पोटावरचा काळसर डाग गडद झाला असेल आणि गोल पोट चौकोनी दिसू लागले असेल, तर प्रसूती जवळ आली असे खुशाल समजावे.

मात्र सर्वच विक्षिप्तपणा गर्भाच्या खात्यावर मांडू नये. खवले अंगापासून सुटून उभे राहणे, अंगावर पांढरे ठिपके उमटणे, पर सतत मिटलेले असणे, ही रोगाची लक्षणे होत. पेटीतील सारेच मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले, तर दोष पाण्याचा. त्यात प्राणवायू कमी पडला आहे. अशा वेळी चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच घालावे.

पोटुशी मादीसाठी करावयाचे ते थोडकेच. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे, एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात आणि हायड्रिलासारखी दाट पाणवनस्पती असावी. वेगळे ठेवायचेच झाले, तर आठवडाभर आधी ठेवावे. ऐनवेळच्या धरपकडीने अपुऱ्या दिवसांची पिले जन्मण्याची भीती असते.

प्रसूती काही तासांची. पिले बहुधा वीस ते चाळीस. त्यानंतर हीच माता आपली पिले गिळू लागली की मुलांच्या डोळ्यांत पाणी येते. त्यांना समजावून सांगावे, की ही क्रौर्याची गोष्ट नव्हे. अपत्यसंगोपनाची प्रवृत्तीच या माशांत नाही. समोर हलणारा बारीक जीव त्यांच्या लेखी भक्ष्यच. पिलांना पाणवनस्पतीच वाचविते.

आणखी एक नवल. मादी नराचे बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. त्यामुळे एकटी आणलेली मादीही पुन्हा पुन्हा प्रसवते. वाढलेली पिले छंदी स्नेह्यांना द्यावीत; नदी-तळ्यात सोडू नयेत, कारण तेथील मूळ माशांना ती जड जातात.

मुक्या जिवाचे वागणे बदलले, तर प्रथम दोन दिवस त्याच्याकडे नीट पाहावे. औषधाची बाटली त्यानंतर उघडावी. पुष्कळदा ती उघडण्याची वेळच येत नाही.