शेजाऱ्याचा आवाज: बिनतारी संदेशवहनातला इंटरफिअरन्स आणि सहकार्य

मागच्या व्याख्यानात आपण एक बोलणारा आणि एक ऐकणारा, एवढाच मामला पाहिला होता. मध्ये थोडी खरखर आहे, ताकद मर्यादित आहे, तर एका वेळी जास्तीत जास्त किती माहिती पोचेल? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये त्याचं नेमकं उत्तर दिलं. आज आपण त्याच खोलीत आणखी माणसं आणणार आहोत. आणि तिथेच गंमत सुरू होते, कारण दोन बोलणारे आणि दोन ऐकणारे झाले की नेमकं उत्तर आजही सगळ्या परिस्थितींसाठी कुणाकडे नाही.

हवा सगळ्यांची एकच. तुमचा फोन, माझा फोन, शेजारच्या घरातला राऊटर, सगळे तिच्यातूनच बोलतात. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरणारच. पाठ्यपुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात; आपण रोजच्या बोलण्यातला इंटरफिअरन्स हाच शब्द ठेवू.

आज एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी जा. खरखरीला अर्थ नसतो. इंटरफिअरन्सला असतो. तो कुणाचा तरी निरोप असतो, फक्त तुमच्यासाठी नसतो. आणि ज्याला अर्थ आहे ते समजून घेता येतं, आणि समजलं की वजा करता येतं.

मंगल कार्यालयातलं बोलणं

समजा तुम्ही लग्नाला गेला आहात आणि शेजारच्या मावशींशी बोलताय. हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी गप्पा मारतंय. ते तुम्हाला जाणवतही नाही. आता माईकवर मंगलाष्टकं सुरू झाली. आवाज प्रचंड आहे, तरी अक्षता हातात घेऊन लोक शेजाऱ्याशी बोलतच असतात की नाही? (हशा) कारण मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू येतात, चाल ठाऊक असते, मन ती बाजूला ठेवतं. खरा त्रास कुणाचा होतो? मागच्या खुर्चीवर बसून मध्यम आवाजात बोलणाऱ्या गृहस्थांचा. त्यांचं धड कळतही नाही आणि दुर्लक्षही करता येत नाही.

उपमा इथेच सोडू, कारण आपला कान यंत्रासारखी वजाबाकी करत नाही. रिसीव्हर मात्र खरंच करू शकतो. ते आकड्यांत बघू.

थोडा हिशोब

शॅनन यांचं सूत्र असं: सिग्नलची ताकद भागिले खरखरीची ताकद, त्यात १ मिळवायचा आणि २ या पायाचा लॉगरिदम घ्यायचा. येतील तितके बिट एका ठोक्याला पोचतात. खरखर १ आणि सिग्नल १०० असेल तर उत्तर सुमारे ६.६६ बिट. हे झालं एकट्याचं.

आता शेजारी आला. त्याचा आवाज तुमच्या रिसीव्हरवर ०.१ एवढ्या ताकदीने पोचतो. त्याला खरखर समजून दुर्लक्ष केलं, तर ६.५ बिट मिळतात. काही बिघडलं नाही. तोच आवाज १० झाला तर ३.३ बिट; म्हणजे निम्मं गेलं. तुमच्या सिग्नलएवढाच, १०० झाला, तर उरतो जेमतेम १ बिट. आणि १०,१०० झाला तर? दुर्लक्ष करून हाती काहीच लागत नाही, जवळजवळ शून्य.

पण थांबा. शेजाऱ्याचा आवाज १०,१०० आहे. माझा स्वतःचा सिग्नल १०० आणि खरखर १, हे दोन्ही मिळून १०१. क्षणभर माझ्याच सिग्नलला मी खरखर मानलं, तर शेजाऱ्याचा निरोप मला १०,१०० भागिले १०१, म्हणजे बरोबर १०० पट स्पष्ट ऐकू येतो. तो जितकं बोलतो आहे तितकं सगळं, ६.६६ बिट, मी पूर्ण उलगडू शकतो. उलगडलं की वजा करायचं. मागे उरतो माझा सिग्नल आणि मूळची खरखर. म्हणजे माझे ६.६६ बिट मला पूर्ण परत मिळाले!

हे १९७५ मध्ये आयदानो कार्लेआल यांनी दाखवलं. इंटरफिअरन्स अतिशय प्रबळ असेल तर त्याने काहीच नुकसान होत नाही. अट एवढीच की शेजारी कोणत्या पद्धतीने बोलतो, त्याचा कोड कोणता, हे मला माहीत हवं. भाषा कळत नसेल तर कितीही मोठ्याने बोलला तरी ती माझ्यासाठी खरखरच.

पाळी लावण्याचा जुना उपाय

प्रत्यक्षात इंजिनिअरांनी बराच काळ यापेक्षा सोपा मार्ग धरला. नळावरच्या रांगेसारखा: एका वेळी एकाने बोलायचं. जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झचा एक पट्टा आठ जणांत वेळेनुसार वाटला जातो. शेजारच्या टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायची, आणि तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा लांबच्या टॉवरवर वापरायची.

आपल्या उदाहरणात पाळी लावली तर प्रत्येकाला निम्मा वेळ मिळतो. गप्प असताना वाचवलेली ताकद आपल्या पाळीत वापरली तर सरासरी ३.८ बिट पडतात. इंटरफिअरन्स १० असो की १००, ३.८ पक्के. वाईट नाही. पण शेजारी ०.१ एवढाच ऐकू येत असेल, तर ६.५ सोडून ३.८ घेणं म्हणजे भिंतीपलीकडच्या कुजबुजीसाठी आपण तोंड बंद ठेवण्यासारखं आहे. स्पेक्ट्रम महाग असतो. तो असा रिकामा ठेवणं परवडत नाही. म्हणून फोरजीपासून सहसा प्रत्येक टॉवर तोच पूर्ण पट्टा वापरतो आणि इंटरफिअरन्सला तोंड देतो.

मधल्या माणसाचं काय करायचं?

मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ अजून तिथेच आहेत. त्यांच्यासाठीची युक्ती ते सुन हान आणि किंगो कोबायाशी यांनी १९८१ मध्ये मांडली. प्रत्येक बोलणाऱ्याने आपला निरोप दोन भागांत तोडायचा. एक भाग 'सार्वजनिक', इतक्या बेताने सांगायचा की शेजाऱ्यालाही उलगडता यावा. त्याने तो उलगडून वजा करावा. दुसरा भाग 'खासगी', हळू आवाजात सांगायचा.

किती हळू? याचं फार सुंदर उत्तर राउल एट्किन, डेव्हिड त्से आणि हुआ वांग यांनी २००८ मध्ये दिलं. खासगी भाग शेजाऱ्याकडे पोचेल तेव्हा त्याच्या खरखरीच्या पातळीवर असावा. खरखर त्याला सोसायची आहेच, त्यात तुमची तेवढीच भर. एवढा साधा नियम पाळला तर प्रत्येकाला जे मिळतं ते शक्य असलेल्या कमालीपासून एका बिटाच्या आत असतं, हे त्यांनी सिद्ध केलं. नेमकी कमाल माहीत नसताना आपण तिच्या किती जवळ आहोत हे कळणं, ही मला या विषयातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

गोंधळाचाच उपयोग

इथपर्यंत प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याला त्रास कमी होईल असं वागत होता. आता ते एकमेकांना मदत करू लागले तर?

डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत. त्यांचे सिग्नल एकमेकांना पोचत नाहीत, पण माथ्यावर एक टॉवर आहे. अलीकडच्या गावाला ५ हा आकडा पाठवायचा आहे, पलीकडच्याला ९. सरळ पद्धतीत चार पाळ्या लागतात: वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पण टॉवरने दोन्ही आकडे ऐकून फक्त बेरीज जाहीर केली, १४, तर? ज्याने ५ पाठवला तो १४ मधून ५ वजा करतो, त्याला ९ मिळतात. दुसऱ्याला तसेच ५ मिळतात. तीन पाळ्यांत काम झालं.

आणखी एक पाऊल. दोघांनी एकदमच बोलायचं. हवेत दोन लहरी मिसळतात, म्हणजे बेरीज आपोआपच होते. टॉवरने ती बेरीज तशीच परत पाठवायची. दोन पाळ्या! ज्या मिसळण्याला आपण इतका वेळ गोंधळ म्हणत होतो, त्यानेच आपलं काम केलं. प्रत्यक्षात हे बिटांवर करतात आणि दोघांची वेळ काटेकोर जुळावी लागते, पण कल्पना हीच.

टॉवरांचंही तसंच. दोन टॉवर फायबरने जोडले आणि दोघांनी मिळून एकाच फोनकडे पाठवलं, तर कालचा शत्रू-सिग्नल आजचा मदतनीस होतो.

मग सगळीकडे हे का नाही?

कारण सहकार्याला माहिती लागते. कोणाचा सिग्नल कोणाकडे किती ताकदीने पोचतो, हे सगळ्यांना ताजं माहीत हवं. २ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी १५ सेंटिमीटर असते. त्याच्या निम्मं, साडेसात सेंटिमीटर, फोन हलला की चित्र बदलू शकतं. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या एसटीत हे अंतर साडेचार मिलिसेकंदांत कापलं जातं. तेवढ्यात मोजायचं, कळवायचं आणि ठरवायचं. मोजण्यात गेलेला वेळ बोलण्यातूनच वजा होतो.

विवेक काडांबे आणि सय्यद जाफर यांचा २००८ चा निष्कर्ष याचं टोकाचं उदाहरण आहे. जोड्या कितीही असोत, सिग्नल पुरेसे प्रबळ असताना प्रत्येकाला एकटं असताना मिळालं असतं त्याच्या जवळजवळ निम्मं मिळू शकतं. युक्ती अशी की नको असलेले सगळे सिग्नल प्रत्येक ऐकणाऱ्याकडे एकाच कोपऱ्यात रचले जातात. पण त्यासाठी प्रत्येकाला सगळ्यांची अचूक माहिती लागते. कागदावर निम्मा लाडू. हातात पडताना बराच चुरा होतो.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: घरच्या वायफायसाठी यातून काही घेता येईल का?*

जरूर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत, पण प्रत्येकाला जागा लागते सुमारे २० ची. म्हणून १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत. पुष्कळ लोक विचार करतात, शेजारी १ वर आणि ६ वर आहेत, तर आपण मध्ये ३ वर जाऊ. हीच ती मागची खुर्ची! शेजाऱ्याच्या चॅनलवरच बसलात तर दोन्ही राऊटर एकमेकांना नीट ऐकतात आणि पाळी लावतात. मध्ये बसलात तर त्यांचा आवाज येतो, पण कळत नाही. अर्धवट शेजार सगळ्यात वाईट.

*श्रोता: या सगळ्यात नुकसान कुणाचं होतं?*

जो दोन टॉवरांच्या मध्ये राहतो त्याचं. टॉवरखालच्या माणसाला इंटरफिअरन्स म्हणजे दूरची कुजबुज. सीमेवरच्या माणसाला दोन्ही आवाज जवळजवळ सारखे येतात, म्हणजे आपल्या हिशोबातला तो १ बिटवाला तोच. एकूण बेरीज वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याला विसरून टॉवरखालच्याला आणखी देणं. आकडे छान दिसतात. गणित तुम्हाला कोणकोणत्या वाटण्या शक्य आहेत ते सांगतं. त्यातली कोणती करायची ते सांगत नाही. ते ठरवायला आपण माणसंच लागतो.