टॉवेलांचा हिशेब, अर्जाचा मजकूर

पार्श्वभूमी : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांवर जे टेरी टॉवेल विणले जातात आणि ज्यांना त्या शहराच्या नावे भौगोलिक निर्देशांक लाभला आहे, अशा टॉवेलांची खरी परीक्षा हॉटेलांच्या खोल्यांत होते, आणि ती परीक्षा घेणारा अधिकारी म्हणजे हाउसकीपिंग सुपरवायझर.

कामाचे स्वरूप : रूम अटेंडंटांना खोल्या वाटून देणे, साफ झालेली प्रत्येक खोली तपासून ती पाहुण्यास देण्याजोगी झाल्याची वर्दी फ्रंट ऑफिसला देणे, पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे आणि जीर्ण कापड बाद करणे, ही या सुपरवायझरची नित्याची कर्तव्ये होत.

साठ्याचा शिरस्ता : कापडाचा एक संच खोलीत, एक धुलाईत आणि एक कोठारात, असा किमान 3 संचांचा हिशेब राखावा लागतो, यालाच ‘पार स्टॉक’ म्हणतात. टॉवेलाचे वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात.

अर्जाचा मजकूर : या पदासाठी मोठ्या हॉटेलसमूहांकडे येणारे अर्ज पुष्कळदा प्रथम संगणकप्रणाली चाळते, म्हणून ‘रूम इन्स्पेक्शन’, ‘लिनन इन्व्हेंटरी’, ‘ड्यूटी रोस्टर’ यांसारखे जे शब्द जाहिरातीत असतील तेच, परंतु प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या वर्णनात गुंफून, अर्जात यावेत. टॉवेलकारखान्यात मालतपासणी केलेल्या उमेदवाराने ‘क्वालिटी चेकिंग’ आणि ‘स्टॉक रजिस्टर’ यांचा अनुभव अवश्य नोंदवावा. मुलाखतीत ज्याचा दाखला देता येणार नाही, असा एकही शब्द मात्र लिहू नये.