‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नक्की काय? चूक त्यांची की आपली, हे कसं ओळखायचं?

रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. माझ्या मावसभावाने लॅपटॉप उघडला, वेबसाईटचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर लाल त्रिकोण आला. खाली इंग्रजीत चार ओळी होत्या. त्या त्याने वाचल्याच नाहीत. राऊटर बंद-चालू केला, फोनचा हॉटस्पॉट लावला, दहा वेळा रिफ्रेश मारलं. मग ग्रुपवर मेसेज टाकला, "सर्व्हर डाऊन आहे का रे?" दोघा-तिघांनी सांगितलं, "हो, सकाळपासून स्लोच आहे." झालं. सगळ्यांचंच बंद असेल तर मुदत वाढवतील, असं म्हणून गडी झोपला.

मुदत वाढली नाही. आणि सर्व्हर डाऊनही नव्हता. त्या जुन्या लॅपटॉपमधली तारीख काही वर्षं मागे गेली होती, एवढंच.

बँकेत, रेशन दुकानात, सायबर कॅफेत, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यापुढे काही विचारायचं सोडूनच दिलंय. पण दर वेळी सर्व्हरच डाऊन असतो असं नाही.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे दुसरीकडे कुठेतरी चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. तुमचा फोन त्याच्याकडे मागणी पाठवतो, तो उत्तर पाठवतो. या प्रवासात चार टप्पे असतात: तुमचं उपकरण, तुमचं नेट, वेबसाईटचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा (हिला डीएनएस म्हणतात) आणि शेवटी सर्व्हर. यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला दिसतं ते एकच, साईट उघडत नाही.

आधी ही एक मिनिटाची तपासणी करा

१. दुसरी कुठलीही वेबसाईट उघडा. तीही उघडत नसेल तर अडचण बहुधा तुमच्या नेटची आहे.

२. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. साईट उघडली, तर घोळ राऊटर किंवा ब्रॉडबँडचा.

३. तीच साईट दुसऱ्या फोनवर उघडा. तिथे चालली, तर दोष तुमच्या उपकरणात किंवा ब्राऊझरमध्ये. इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा. तिथे चालत असेल तर साठलेला कॅशे आणि कुकीज साफ केल्या की बहुतेक वेळा काम होतं.

४. तिन्ही करूनही उघडत नसेल, तर आता सर्व्हरवर संशय घ्यायला हरकत नाही.

मावसभावाने हॉटस्पॉट लावला, पण साईट फोनवर उघडून बघितलीच नाही. बघितली असती तर तीस सेकंदांत उलगडा झाला असता.

स्क्रीनवरचा आकडा वाचा

एरर आला की अनेकदा तीन अंकी आकडा दिसतो. त्याचा पहिला अंक महत्त्वाचा. ४ असेल तर साधारणपणे आपण पाठवलेल्या मागणीत काहीतरी चुकलंय. ५ असेल तर चूक त्यांच्याकडे.

४०४: ते पान त्या पत्त्यावर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जुनी लिंक असेल तर हे हमखास होतं. साईटच्या मुख्य पानावरून जा.

४०३: तुम्हाला प्रवेश नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा.

४२९: तुम्ही फार वेळा मागणी पाठवलीत. थोडं थांबा.

५००: त्यांच्या प्रोग्रॅममध्येच गडबड झाली.

५०२ आणि ५०४: समोरच्या खिडकीवरचा माणूस जागेवर आहे, पण आतल्या टेबलवरून त्याला धड उत्तर मिळत नाहीये. ५०४ मध्ये तर आतून वेळेत उत्तरच आलेलं नसतं.

५०३: सध्या सेवा देता येत नाही. गर्दी झाली असेल किंवा देखभालीचं काम सुरू असेल.

आकडा ५ ने सुरू होत असेल तर फोन रिस्टार्ट करून काहीच फरक पडणार नाही. आणि सारखं रिफ्रेशही मारू नका. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे आधीच दमलेल्या सर्व्हरकडे आणखी एक मागणी. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करा.

तारखेचा आणि वेबसाईटचा काय संबंध?

सुरक्षित वेबसाईटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि ते ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं. तुमचा ब्राऊझर ते तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच काही वर्षं मागे असेल तर ब्राऊझरच्या हिशेबाने त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. मग तो ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देतो.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर सेल बदलून घ्या. तारीख बरोबर असूनही हा इशारा आला, तर मात्र त्या साईटवर पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नका.

मोठ्यांचंही चुकतं

४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं, ते जवळपास सहा तास. कितीतरी जणांना वाटलं, आपलंच नेट गेलं. कंपनीने नंतर सांगितलं की, देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशामुळे त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं नेटवर्क तुटलं. त्यापाठोपाठ त्यांच्या डीएनएसपर्यंत जाणारे रस्ते इंटरनेटवरून गायब झाले. दुकान जागेवरच होतं, पण तिथे जायचा पत्ता कुणालाच सापडत नव्हता.

पैसे कापले गेले, पण फॉर्म अडकला?

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी लॉगिन करून पेमेंटची स्थिती तपासा. काही वेळा पैसे पोचलेले असतात, फक्त पावती दिसायला उशीर होतो.

व्यवहार फसला असेल तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला किंवा वेबसाईटला पेमेंट करताना तसं झालं, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

आणि हेल्पलाईनचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरलेले असतात. नंबर बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

खरंच सर्व्हर डाऊन असेल तर?

पुरावा ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये वेबसाईटचा पत्ता, एररचा आकडा आणि घड्याळातली वेळ दिसू द्या. तो जोडून साईटवर दिलेल्या अधिकृत ईमेलवर त्याच दिवशी, मुदत संपायच्या आत तक्रार करा. मुदत वाढेलच याची खात्री नाही. पण नुसतं "साईट चालत नव्हती" म्हणण्यापेक्षा वेळेसकट पुरावा असला तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

मावसभावाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याने आता पुढच्या वर्षीची तारीख कॅलेंडरवर लावून ठेवलीय, शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीची. लॅपटॉपचा सेलही बदललाय.