मोबाइलवर नेट सुसाट, लॅपटॉपवर मात्र रखडतं. फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा फॉर्म भरायला पोरं लॅपटॉप घेऊन बसतात. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू असतो. मोबाइलवर व्हिडिओ न अडखळता चालतो, पण लॅपटॉपवर फॉर्मचं पान काही उघडत नाही. ओटीपी येतो, पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपते, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात जातो. तिथला सल्ला बहुतेक ठरलेला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्यात पैसे जातात, कधी फोटो आणि कागदपत्रंही जातात, आणि घरी आणल्यावर नेट तसंच.

बऱ्याचदा नेटही ठीक असतं आणि लॅपटॉपही बिघडलेला नसतो. अडलेलं असतं ते मधल्या वायफायमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये. ते शोधायला खर्च येत नाही.

आधी मोजून बघा. मोबाइल आणि लॅपटॉप शेजारी ठेवा आणि एकामागून एक दोन्हीवर फास्ट डॉट कॉम हे पान उघडा. दोन्हीकडे आकडा कमी आला तर नेटच कमी आहे, लॅपटॉपला दोष देऊ नका. मोबाइलवर ३० आणि लॅपटॉपवर २ असा फरक दिसला, तर मात्र गडबड लॅपटॉपच्या बाजूला. आणखी एक, हा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा एक बाइट होतो. म्हणजे ४० चं नेट असेल तर सेकंदाला ५ एमबीच उतरणार, ४० नाही.

विंडोज गुपचूप डेटा खातं

हॉटस्पॉटवर सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच. मोबाइलला माहीत असतं की डेटा मोजून मिळतो. विंडोजला ते सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही. हॉटस्पॉट जोडला की ते मागच्या मागे अपडेट उतरवायला लागतं. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवरचे फोटो वर चढवायला लागतं. दिवसाचा दीड जीबी असा उडतो, त्यानंतर कंपनी वेग इतका कमी करते की साधं पानही उघडत नाही.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथं ‘मीटर्ड कनेक्शन’ ऑन करा. कोण किती नेट ओढतंय ते टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यात दिसतं. पण मीटर्ड करून अपडेट कायमचे बंद ठेवणं बरं नाही. बँकेचं काम त्याच लॅपटॉपवर होत असेल तर सुरक्षेचे अपडेट लागतातच. महिन्यातून एकदा डेटा शिल्लक असताना ते करून घ्या.

दुसरं कारण वीज वाचवण्याचं. चार्जर काढला की नेट मंद होत असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायफायच्या नावावर दोनदा क्लिक करून पॉवर मॅनेजमेंट उघडा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यायचं का, अशी पहिली खूण असते. ती काढून टाका. हा पर्याय सगळ्याच लॅपटॉपवर दिसत नाही.

लिनक्सवालेही सुटत नाहीत

विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंट टाकणं हा त्यावरचा एक रस्ता आहे, पण तिथंही वीज वाचवण्याचीच भानगड. इटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, आणि त्यात ‘डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन’ नावाची फाइल असते. तिच्यातला ३ काढून २ करायचा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करायचा. बदलायला पासवर्ड लागतो. जमत नसेल तर जाणकाराला बसवा.

लिनक्सचा पेनड्राइव्ह तपासणीलाही कामाला येतो. त्यावरून लॅपटॉप चालू करून ‘ट्राय’ निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं. लिनक्सवर नेट पळालं तर कार्ड चांगलं आहे, दोष विंडोजच्या बाजूचा. उलट झालं तर लगेच कार्ड खराब म्हणू नका, कारण काही रिअलटेक आणि ब्रॉडकॉमच्या कार्डांना लिनक्सचा ड्रायव्हरच नीट मिळत नाही.

मॅकबुक असेल तर ऑप्शन बटण दाबून वरच्या वायफाय चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, चॅनल आणि वेग दिसतो.

राउटर माळ्यावर, लॅपटॉप पडवीत

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ लांब जातो, पण त्यावर गर्दी असते. ५ वेगवान, पण जाड भिंतीपुढे दम तोडतो. मातीची भिंत, पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी हे सगळे सिग्नल खातात. लॅपटॉपच्या निळ्या यूएसबीत हार्ड डिस्क लावली असेल तर तीही २.४ ला त्रास देते. ती काढून वेग बघा.

राउटरजवळ बसूनही मोबाइलला ५ चं नाव दिसतं आणि लॅपटॉपला नाही, तर लॅपटॉपचं कार्ड बहुधा फक्त २.४ चं आहे. हॉटस्पॉट ५ वर ठेवला तर अशा लॅपटॉपला तो दिसणारच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ निवडा. राउटर असेल तर यूएसबीला लावायचा दोन्ही पट्ट्यांचा वायफाय डोंगल घ्या. लिनक्स वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे पैसे देण्याआधी दुकानात लावूनच बघा.