फरशीखालची टाकी

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज पॉइंत देस्नीच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्याचे काळे तेल किनाऱ्याला लागले, तेव्हा सारे बेट धावून गेले. उसाची वाळली पात कापडात भरून लोकांनी पाण्यावर बांध घातले. ते तेल डोळ्यांना दिसत होते, नाकाला कळत होते. आज आम्ही लिहीत आहोत ते न दिसणाऱ्या तेलाविषयी, म्हणजे पेट्रोल पंपाच्या फरशीखाली पुरलेल्या टाक्यांविषयी.

निमित्त साधे आहे. आमच्या घराजवळ नवा पंप होऊ घातला आहे. एके सकाळी लॉरीवरून टाकी आली. गल्लीतली मुले पाहायला जमली, आणि खरे सांगायचे तर आम्हीही जमलो.

मॉरिशसमध्ये नळाला येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे जमिनीखालून उपसलेले असते. आणि जमीन कसली, तर भेगाळलेला काळा कातळ. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की ज्या तप्त उगमातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा कातळ ओतला गेला, त्यातूनच फार पुढे आपले बेट समुद्रातून वर आले. आपले पूर्वज कोकण सोडून आले खरे, पण दगड त्यांना ओळखीचाच भेटला! अशा दगडात पाणी भेगांतून वाट काढते, आणि पाण्याला वाट आहे तिथे पेट्रोललाही आहे. पंप इथे आणि वास कुठल्या तरी लांबच्या विहिरीला, असे होऊ शकते.

सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर होतात. एवढी घट रोजच्या विक्रीत कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत साध्या लोखंडाच्या हजारो टाक्या अशाच गुपचूप गंजल्या. तिथे १९८४ साली कायदा झाला, १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढून टाकायला १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आजवर तिथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत.

आता टाकी पुरण्याचे काम. ती क्रेनने, तिच्याच कड्यांना धरून उचलायची असते. ढकलायची नाही, लोळवायची नाही, साखळीने आवळायची नाही. वरच्या लेपाला एक ओरखडा गेला तरी गंज नेमका तिथूनच शिरतो. पुरण्याआधी टाकीत थोडी हवा भरतात, दर चौरस इंचाला तीन ते पाच पौंड, त्याहून जास्त नाही, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फासतात. बुडबुडा आला की सांधा कच्चा. ही परीक्षा कोऱ्या टाकीचीच. जिच्यात एकदा पेट्रोल भरले होते तिच्यात हवा दाबणे म्हणजे स्फोटाला बोलावणे.

आमच्या समोर वाद झाला तो भरावावरून. खड्ड्यातून निघालेले दगड बाजूलाच पडले होते. तेच परत लोटावेत, लॉरीचे भाडे वाचेल, असे एकाचे म्हणणे. पण वयस्कर सरदार हटून बसला. दगडाचे टोक टाकीत रुततेच, शिवाय दगडांमध्ये पोकळी राहते आणि टाकी एका अंगाला कलते. शेवटी धुतलेली बारीक खडी आली. ती फूटभराच्या थरांनी टाकत होते, आणि टाकीच्या पोटाखालच्या कोनात, जिथे खडी आपण होऊन जात नाही, तिथे एक मुलगा लांब काठीने ती ठासत होता. उन्हात तासभर ते चालले होते. टाकीचे आयुष्य बरेचसे त्या काठीवर असते. समुद्राच्या वाळूचे तर नावच नको. तिचे मीठ लोखंडाला खाते, आणि लगूनमधून वाळू काढायला २००१ पासून बंदीही आहे.

लोखंडी टाकीला जस्ताचे किंवा मॅग्नेशियमचे गोळे तारेने जोडतात. गंज टाकीला सोडून त्यांना खातो. दुहेरी भिंतीची टाकी असेल तर दोन भिंतींमधल्या फटीत गळती आधी कळते. पैसे जास्त पडतात, पण आपल्या बेटावर तरी तीच घ्यावी असे आमचे मत आहे.

आणि चक्रीवादळाचे काय? १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’च्या पावसात पोर्ट लुईत मोटारी तरंगताना आपण पाहिल्या. रिकामी टाकीही तशीच तरंगते. तीस हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्याखाली गेली की पाणी तिला तीस टनांच्या जोराने वर ढकलते. तिचे स्वतःचे वजन चार-पाच टन! वरची फरशी फोडून ती बाहेर येते आणि नळ तुटतात. म्हणून खाली काँक्रीटचा ओटा घालून टाकी पट्ट्यांनी त्याला बांधतात, आणि वादळाची सूचना मिळाली की ती रिकामी ठेवत नाहीत.

टाकी झाकल्यावर काम संपते असे नाही. रोज सकाळी मापाची काठी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि विक्रीशी ताडायचा. पंप चालवणाऱ्या आपल्या बांधवांना आमची एवढीच विनंती आहे की ती वही गल्ल्याच्या हिशोबाइतक्याच काळजीने ठेवावी. शेजाऱ्यांना विहिरीला, मोरीला किंवा तळघरात पेट्रोलचा वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटणही दाबू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि खोलगट जागी साचून राहते. घरातल्यांना घेऊन बाहेर पडावे आणि दुरूनच अग्निशामक दलाला फोन करावा.

आमच्या जवळच्या पंपाची फरशी आता पुरी झाली आहे. सरदाराने पहिला आकडा वहीत लिहिला तेव्हा टाकीत पेट्रोल नव्हते, नुसते वजनासाठी भरलेले पाणी होते. तरीही त्याने तो लिहिला.