त्रुटिमागोवा, सॉफ्टवेअर चाचणीतील
चालू असलेला संगणक प्रोग्रॅम चुकीमुळे थांबला असता, ती चूक कोणत्या ओळीत उद्‌भवली व तेथवर प्रोग्रॅम कोणकोणत्या फलनांतून आला, हे क्रमाने दाखविणारी यादी म्हणजे त्रुटिमागोवा होय. पायथन भाषेत चुकीची प्रत्यक्ष जागा यादीच्या शेवटी, तर जावा भाषेत आरंभी येते.

स्वयंचलित चाचणीत शेकडो तपासण्या एकापाठोपाठ होतात. त्या सर्वांना लागणाऱ्या एखाद्या फलनात दोष असल्यास तोच मागोवा पुनःपुन्हा छापला जाऊन मूळ कारण त्यात बुडून जाते. म्हणून मागोव्याचा तपशील कमीजास्त करण्याची सोय चाचणीच्या साधनांत असते. पायथनसाठी वापरल्या जाणाऱ्या पायटेस्ट या साधनात ‘लाँग’ पर्यायाने सविस्तर, ‘शॉर्ट’ने संक्षिप्त व ‘लाइन’ने प्रत्येक अपयशामागे एकाच ओळीचा मागोवा मिळतो, ‘नो’ने तो मुळीच येत नाही. पर्याय न दिल्यास ‘ऑटो’ लागू होतो. त्यात पहिली व शेवटची पायरी सविस्तर आणि मधल्या संक्षिप्त असतात. ही योजना समर्पक आहे. कारण पहिली पायरी चाचणीची, तर शेवटची चूक घडल्या जागेची असते. चलांची त्या क्षणीची मूल्येही छापता येतात; मात्र त्यांत परवलीचा शब्द असल्यास तोही उघडा पडतो.

स्वतःच्या संगणकावर काम करताना ‘शॉर्ट’ पुरतो, कारण चाचणी पुन्हा चालवून अधिक तपशील मिळविता येतो. दूरच्या संगणकावर क्वचितच अयशस्वी होणारी चाचणी मात्र पुन्हा तशीच फसेल याची शाश्वती नसते. तेथे मागोवा आखडल्यास त्या प्रसंगाचा बहुधा एकमेव पुरावा नाहीसा होतो. अशा ठिकाणी नोंद कितीही लांबली, तरी ‘लाँग’च इष्ट.