दिव्याच्या तारेवरून निरोप

घरात वीज येते ती तारांवरून. त्या तारांचे काम काय, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो सांगेल, दिवा लावणे, पंखा फिरवणे, मोटार चालवणे. उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. याच तारांवरून एका खोलीतल्या संगणकाचा निरोप दुसऱ्या खोलीतल्या संगणकाकडे धाडता येतो. त्यासाठी नवी तार ओढावी लागत नाही की भिंतीला भोक पाडावे लागत नाही. यात जादू काही नाही. मात्र ही युक्ती कोठे कामी येते आणि कोठे पैसे बुडवते, ते आधी समजून घेतलेले बरे. शाळेच्या बाबतीत हे पैसे पुष्कळदा लोकवर्गणीचे असतात.

प्रथम अडचण कोणती ते पाहू. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटचे प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. अशा योजनांमुळे म्हणा, खाजगी जोडण्यांमुळे म्हणा, पुष्कळ गावांत इंटरनेट आले. पण समजा, शाळेत ते आले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन थांबले. सातवीचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तेथे धडा दाखवायचा कसा? वायफायच्या बिनतारी लहरी मोकळ्या जागेत चांगल्या धावतात, पण हातभर जाडीच्या दगडी भिंती दोनतीन लागल्या की त्या दमतात. जुन्या वाड्यात, धाब्याच्या घरात हाच अनुभव येतो. मग लक्ष जाते ते भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे. कारण तार तर तेथे आधीच पोचलेली असते.

आता तुम्ही विचाराल, एका तारेतून वीजही जायची आणि निरोपही जायचा, तर दोन्हींची सरमिसळ नाही का होणार?

देवळातले भजन आठवा. पखवाजाचा खर्ज आणि टाळांचा किणकिणाट एकाच हवेतून तुमच्या कानाशी येतात. तरीही कान दोन्ही वेगवेगळे ओळखतो, कारण एकाची कंपने संथ असतात आणि दुसऱ्याची जलद. तारेतही तसेच आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० आवर्तने करते. हा झाला पखवाज. निरोप वाहून नेणारा प्रवाह अगदी क्षीण असतो, पण त्याची आवर्तने सेकंदाला सुमारे २० लाखांपासून २ कोटी ८० लाखांपर्यंत असतात. हे झाले टाळ. दोहोंत एवढे अंतर असल्यावर त्यांना वेगळे काढणे अवघड राहत नाही. भिंतीत खोचायच्या छोट्या डबीत, म्हणजे अ‍ॅडॅप्टरमध्ये, विजेची एक चाळणी असते. ती संथ प्रवाहाला अडवते आणि जलद प्रवाहाला आत घेते. रेडिओची कळ फिरवून शंभर केंद्रांतून हवे ते केंद्र लावतो, त्याच जातीचे हे काम.

ही कल्पना मुळात विजेच्या धंद्यातलीच आहे. अमेरिकेत आणि युरोपात १९२० च्या दशकापासून वीज कंपन्या उच्च दाबाच्या तारांवरूनच एका केंद्राहून दुसऱ्या केंद्राशी टेलिफोनने बोलू लागल्या. आपल्याकडच्या मोठ्या उपकेंद्रांनीही हा मार्ग वापरला. गुरुजींनी मुलांना उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून जरूर दाखवावे. काही ठिकाणी तारेच्या मार्गात पिंपासारखे मोठे वेटोळे टांगलेले दिसते. निरोपाचा जलद प्रवाह उपकेंद्राच्या इतर यंत्रांत शिरू नये, म्हणून ते तेथे राखणीला बसवलेले असते.

घरापुरता विचार १९७५ च्या सुमारास सुरू झाला. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-टेन’ नावाची पद्धत काढली. तिने घरच्या तारांवरून दिवा लाव, दिवा मालव, एवढा हुकूम पोचवता येई. संगणकांसाठी ‘होमप्लग’ या नावाने काही कंपन्या २००० साली एकत्र आल्या. त्यांच्या पहिल्या पद्धतीचा, २००१ सालचा, कागदावरचा वेग सेकंदाला १४ मेगाबिट होता. २००५ च्या पद्धतीत तो २०० वर गेला. २०१० साली या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरले.

वेग एवढा वाढला कशाने? समजा, तालुक्याच्या बाजारात शंभर पोती पोचवायची आहेत. एकाच रस्त्याने एकच मोठी गाडी नेली आणि रस्त्यात चिखल लागला, की सगळा माल अडकला. त्याऐवजी अनेक पाऊलवाटांनी लहान लहान गाड्या सोडल्या, चिखलाच्या वाटेवर थोडे ओझे ठेवले आणि कोरड्या वाटेवर जास्त, तर माल बिनबोभाट पोचतो. ही डबी तेच करते. निरोपाचे तुकडे करून ती ते शेकडो निरनिराळ्या कंपनांवर वाटून देते. कोणती वाट खराब झाली हे ती सारखे तपासत असते आणि ओझे कमीजास्त करते.

मग वाटा खराब होतात कशाने? येथेच खरी मेख आहे. घरातली तार दिव्यासाठी ओढलेली असते, बोलण्यासाठी नव्हे. मिक्सरच्या मोटारीत ठिणग्या उडतात, त्यांची खरखर तारेत उतरते. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर हेही आपापला गलका करतात. सैल झालेला जोड, गंजलेला स्क्रू, चिकटपट्टी गुंडाळून वाढवलेली तार, अशा प्रत्येक ठिकाणी निरोप थोडा थोडा गळतो. म्हणून डबीच्या वेष्टनावरचा आकडा खरा धरू नका. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेगही क्वचितच मिळतो. पण त्याने घाबरूनही जाऊ नये. वर्गात एक धडा चित्रासह दाखवायला सेकंदाला पाच मेगाबिट साधारण पुरतात.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, फेजची. शाळेला किंवा मोठ्या घराला तीन फेजची वीज असेल आणि एक खोली एका फेजवर व दुसरी दुसऱ्या फेजवर असेल, तर निरोप फार दुबळा होतो, कधी पोचतही नाही. दुसरी, मीटरची. शेजारच्या इमारतीला वेगळे मीटर असेल तर तिकडे भरवशाने निरोप जाईल असे समजू नका. डीपीपलीकडे तर तो जातच नाही म्हटले तरी चालेल. तिसरी गोष्ट इन्व्हर्टरची. वीज गेली की डबीही गेली. एक खोली इन्व्हर्टरवर आणि दुसरी थेट विजेवर असेल, तर भारनियमनाच्या वेळी एक डबी जागी आणि दुसरी झोपलेली, असा प्रकार होतो.

डबी खोचायची ती सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये. विजेच्या लाटेपासून बचाव करणारा एक्स्टेन्शन बोर्ड पुष्कळांकडे असतो. तो डबीखाली घेतला तर त्यातली गाळणी गलक्याबरोबर निरोपही गाळून टाकते. पण सरळ भिंतीत खोचल्यावर बचाव उरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून वळवाचे ढग गडगडू लागले की डबी काढून ठेवावी. वायर खोचण्यासाठी आगपेटीची काडी वापरण्याची खोड आपल्याकडे आहे, ती येथे तर अजिबात नको. परदेशी डबीची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नसेल तर ती डबीच घेऊ नये. २०१२ नंतरच्या काही डब्या अर्थिंगच्या तिसऱ्या तारेचाही उपयोग करतात आणि त्यामुळे वेग वाढतो. पण अर्थिंग मुळात जिवासाठी असते. शाळेत ते धड नसेल, तर संगणकाचे नंतर पाहू, वर्गणीतला पहिला रुपया त्यावर खर्च व्हावा.

आपण रेडिओ ऐकणारी माणसे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. घरातली तार उघड्या एरियलसारखी वागते. तिच्यातल्या जलद प्रवाहाचा थोडा अंश हवेत निसटतो, आणि त्याची कंपने नेमकी लघुलहरींच्या पट्ट्यात पडतात. त्यामुळे जवळच कोणी लघुलहरींवर दूरचे केंद्र ऐकत असेल तर त्याला खरखर ऐकू येईल. हौशी रेडिओवाल्यांच्या ठराविक पट्ट्या या डब्या मुद्दाम मोकळ्या सोडतात, बाकीच्या सगळ्या सोडतातच असे नाही. मध्यम लहरी या पट्ट्याच्या खाली असल्याने त्यांना हा त्रास सहसा पोचत नाही. शेजाऱ्याचा रेडिओ बिघडल्यासारखा वाटू लागला, तर आपली डबी काढून पाहणे हा शेजारधर्म आहे.

निरोप चोरीला जाईल का, अशीही शंका येते. तारा एकमेकींना लागून असतील तर तो शेजारच्या घरात झिरपू शकतो. म्हणून डबीवर एक बटण दिलेले असते. दोन्ही डब्यांची बटणे सांगितल्याप्रमाणे पाठोपाठ दाबली की त्यांची आपसांत खूण ठरते आणि निरोप कुलपात बंद होऊन जातो. हे काम पहिल्याच दिवशी करावे.

तर मग घ्यावी की न घ्यावी? साधा हिशेब असा. एकाच इमारतीत लॅन केबल ओढणे शक्य असेल तर तीच ओढावी. शंभर मीटरपर्यंत ती भरवशाची आहे. भिंत आड येत नसेल तर वायफाय पुरे. भिंत जाड, केबल ओढायला वाट नाही, पण वायरिंग चांगले आणि एकाच फेजवर, अशा जागी ही डब्यांची जोडी उपयोगी पडते.

आणि घेण्यापूर्वी पारख करावी. दुकानदाराकडून एकच जोडी परत करण्याच्या बोलीवर आणा. एक डबी राउटरजवळ खोचून त्याला लहान केबलने जोडा, दुसरी वर्गातल्या संगणकाजवळ खोचा. सकाळी सगळे शांत असताना पाहा. मग दुपारी पंखे, दिवे, पाण्याची मोटार, सगळे सुरू करून पुन्हा पाहा. दुपारी चालले तर वर्षभर चालण्याची आशा धरावी. सकाळी चालून दुपारी अडखळले, तर दोष डबीला देण्याआधी वायरमनला बोलवा आणि बोर्डातले जोड तपासून घ्या. निरोपाची गळती जेथे होते, पुष्कळदा तेथेच तार तापत असते. डबी परत गेली तरी चालेल, तो जोड मात्र त्याच दिवशी पक्का करून घ्या.